परवानगीची सवय

(केलगेरी, धारवाड येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना नागरिकशास्त्र शिकवले. वीस गुणांचा आणि शेवटी घाईने उरकायचा विषय म्हणून शाळांनी तो बाजूला टाकला होता, तरीही शिकवले. म्हणून आजचा विषय नागरिकाचाच घेतला आहे. हुकूमशाही संपते, लोकशाही येते; मग त्या लोकशाहीतला नागरिक कसा वागतो? जुन्या राजवटीचे त्याच्या अंगात काय उरते?

याचे उदाहरण शोधायला चिली किंवा पोलंडपर्यंत जायला नको. धारवाडहून गोव्याकडे निघालेला रस्ता केलगेरीवरूनच पुढे जातो. लोंढा, रामनगर, मग घाट. या भागातल्या कितीतरी घरांची कुलदैवते त्या घाटाखाली आहेत. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा यांच्या दर्शनाला आपण पिढ्यान्‌पिढ्या जातो. पण ज्या मुलखातून जातो, त्याने एका हुकूमशाहीखाली पस्तीस वर्षे काढली, हे आपल्या बोलण्यात क्वचितच येते. 'पोर्तुगीज राजवट' एवढे दोन शब्द उच्चारून आपण 1510 ते 1961 हा सगळा काळ एकाच रंगात रंगवून टाकतो. त्यातला शेवटचा तुकडा वेगळा होता. परके राज्य तर होतेच. शिवाय त्या परक्या देशातले लोकही तेव्हा स्वतंत्र नव्हते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. हुकूमशाही गेल्यावर मतदान लगेच येते आणि माणसे ते उत्साहाने करतात. भीतीही एका पिढीत ओसरते. उरते ती परवानगी मागण्याची सवय. वरच्याने द्यावे, खालच्याने अर्ज करावा, आणि मधल्या काळात कुणी काही विचारू नये, ही ती सवय. नव्या लोकशाहीचे खरे काम या सवयीशी असते, आणि ते दोन निवडणुकांच्या मधल्या वर्षांत चालते.

लोकांना घरी बसवणारी हुकूमशाही

हुकूमशाही म्हटले की आपल्याला मोठमोठे मेळावे, मशाली, घोषणा आठवतात. हिटलर-मुसोलिनीच्या राज्यात घरी बसून राहणे हाच संशयाचा विषय होता. आंतोनियु सालाझारची तऱ्हा याच्या उलट होती. कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा हा प्राध्यापक. 28 मे 1926 रोजी पोर्तुगालमध्ये लष्कराने प्रजासत्ताक उलथवले, 1928 मध्ये सालाझार अर्थमंत्री झाला, 1932 मध्ये पंतप्रधान, आणि 1933 मध्ये त्याने स्वतःची राज्यघटना आणली. त्याला रस्त्यावर जमाव नको होता. लोकांनी शेत पिकवावे, प्रार्थनेला जावे, मुले वाढवावीत. राज्य चालवणे ज्यांना कळते त्यांच्यावर सोडावे. हुआन लिंझ या राजकीय समाजशास्त्रज्ञाने फ्रँकोच्या स्पेनचा अभ्यास करताना हा भेद नीट मांडला आहे: काही राजवटी लोकांना सतत कवायतीत ठेवतात, काही त्यांना राजकारणापासून दूर, निवांत ठेवतात. दुसऱ्या तऱ्हेत आरडाओरडा कमी असतो, म्हणून ती सौम्य वाटते.

गोव्यात ही निवांत व्यवस्था फार बारकाईने राबवली गेली. छापायचा प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरकडे जाई. लग्नाची पत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. सभेला परवानगी, संस्थेच्या नियमावलीला मंजुरी, तियात्राच्या (कोकणी नाटकाच्या) संहितेवर शिक्का. एक राजकीय पक्ष, तोही सरकारचाच. कोणाला मारहाण न करता, तुरुंगात न टाकताही माणसाला शिकवता येते की चार लोक एकत्र येणे ही सरकारने दिलेली सवलत आहे. लग्नपत्रिका घेऊन कचेरीत उभा असलेला वधुपिता हा धडा घेऊनच घरी परतत होता.

हा धडा लोकांनी मुकाट्याने घेतला, असे मात्र नाही. त्याआधी गोव्याने मोकळी हवा थोडी का होईना अनुभवली होती. 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, धर्म आणि राज्य वेगळे झाले, आणि हिंदूंना कायद्याने बरोबरीचे स्थान मिळाले. पुढच्या पंधरा वर्षांत वर्तमानपत्रे निघाली, शाळा आणि वाचनालये उभी राहिली. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांच्या 'भारत' पत्राने मराठीतून सरकारला धारेवर धरले. लुईश द मिनेझिस ब्रागांझा पोर्तुगीजमधून लिहीत होते. 1930 मध्ये लिस्बनने नवा वसाहत कायदा काढून गोव्यासारख्या प्रदेशांना साम्राज्याची मालमत्ता ठरवायचे योजले, तेव्हा 4 जुलै 1930 रोजी याच मिनेझिस ब्रागांझांनी पणजीच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडून गोव्याचा स्वयंनिर्णयाचा हक्क बजावला. कौन्सिलात उभे राहून असे बोलण्याचे दिवस त्यानंतर लवकरच संपले.

घाटाच्या अलीकडचे गोवा

दार बंद झाले की माणसे दुसरे दार शोधतात. गोव्यात राजकीय सभा नव्हती. पण भजनी सप्ताह होता, जत्रा होती, चर्चचे फेस्त होते, तियात्र होते. देवळाचे महाजन हिशेब मांडत, गावकरी संस्था (पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत) बांध आणि शेते सांभाळत होती. वर्गणी काढणे, कार्यकारिणी निवडणे, हिशेब वाचून दाखवणे, भांडण तडजोडीने मिटवणे ही सारी कामे तिथे चालू राहिली. हुकूमशाहीच्या काळात नागरिकत्व कुठे जाते याचे एक उत्तर हे: ते देवळाच्या सभामंडपात, वाचनालयाच्या कपाटाआड, नाटकाच्या तालमीत जाऊन बसते. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. महाजनपण आणि गावकरीपण जन्माने मिळत होते. ज्याला तिथे जागा नव्हती, त्याला हे दुसरे दारही बंदच होते.

दुसरे उत्तर आपल्या अगदी जवळचे आहे. गोव्याचे राजकारण गोव्याबाहेर आले. मुंबईत ते होतेच. त्रिश्तांव ब्रागांझ कुन्य यांची गोवा काँग्रेस समिती 1928 ची. पण घाटाच्या या बाजूचे गोवा फार कमी लोकांना माहीत आहे. 18 जून 1946 रोजी राममनोहर लोहिया आणि त्यांचे बर्लिनपासूनचे मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली. सप्टेंबरात लोहिया पुन्हा निघाले तेव्हा त्यांना कुळे स्थानकावरच पकडले. त्याच वर्षी नॅशनल काँग्रेस गोवा ही संघटना जन्माला आली ती लोंढ्यात, म्हणजे इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. बेळगाव हा सत्याग्रहींचा मोठा तळ झाला. आणि 25 नोव्हेंबर 1955 रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानात गुप्त नभोवाणी सुरू केली; पुढे ते केंद्र कॅसलरॉकच्या जंगलात हलले आणि मुक्तीपर्यंत तिथूनच बोलत राहिले. गोव्यात बातमी छापता येत नव्हती, म्हणून ती उत्तर कन्नडच्या जंगलातून घराघरांत पोचवली जात होती.

आत राहून बोलणाऱ्याचे काय होत होते? म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी 1954 मध्ये एका मेजवानीत वक्ता गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे सांगत होता. गायतोंड्यांनी निषेध नोंदवला. सभा नाही, पत्रक नाही, जेवणाच्या टेबलावर एक वाक्य. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला पाठवण्यात आले. शिक्षेचे मोजमाप इथे फारसे महत्त्वाचे नाही. त्या टेबलाभोवती जे गप्प बसले होते, त्यांनी घरी जाऊन मुलांना काय सांगितले असेल, ते महत्त्वाचे आहे.

15 ऑगस्ट 1955 च्या सत्याग्रहात वीसहून अधिक निःशस्त्र माणसे सीमेवर गोळ्यांना बळी पडली. ना. ग. गोरे, सेनापती बापट, मधू लिमये, शिरुभाऊ लिमये, सुधाताई जोशी या सत्याग्रहींची नावे मराठी घरांत तेव्हा रोज घेतली जात. स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे 1955 मध्ये पकडले गेले आणि पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते 1969 मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर.

पहिली मतपेटी

19 डिसेंबर 1961. भारतीय सैन्य पणजीत आले आणि गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, हा सालाझारचा हुकूम त्यांनी मानला नाही, म्हणून पुढे त्यांचे लष्करी पद काढून घेतले गेले. लिस्बनमधली हुकूमशाही त्यानंतरही बारा वर्षे टिकली. ती 25 एप्रिल 1974 रोजी कोसळली.

गोव्याच्या मुक्तीत एक गुंतागुंत आहे. गोव्यातली हुकूमशाही गोवेकरांनी रस्त्यावर उतरून पाडली नाही. त्यांनी किंमत मोजली, बळी दिले, तुरुंग भोगले. पण अखेरचा धक्का सैन्याचा होता. त्यानंतर आले आधी लष्करी राज्यपाल, मग नायब राज्यपाल, आणि नेमलेले सल्लागार मंडळ. 1962 मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि 9 डिसेंबर 1963 रोजी विधानसभेची पहिली निवडणूक झाली. दोन वर्षांपूर्वी ज्याला पत्रिका छापायला शिक्का लागत होता, तो आता सरकार निवडणार होता.

मग त्याने काय केले? दिल्लीतल्या पुष्कळांचा अंदाज होता की गोवा मुक्त करणाऱ्या काँग्रेसला गोवा डोक्यावर घेईल. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तिचा एक उमेदवार आला तो दमणमध्ये. सत्ता महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडे (मगोकडे) गेली आणि खाणमालक दयानंद बांदोडकर, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, मुख्यमंत्री झाले. विरोधात जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष बसला. तुरुंग भोगलेल्या कितीतरी माणसांना मतदाराने घरी पाठवले. पीटर आल्वारिस यांच्यासारखे सत्याग्रही लोकसभेवर गेले, पण मगोच्या पाठिंब्यावर.

याला मतदाराचा कृतघ्नपणा म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. सालाझार लिस्बनमध्ये होता. कुळाच्या आणि मुंडकाराच्या अंगणात त्याचे तोंड कधी दिसले नाही. तिथे दिसत होता तो भाटकार. ज्याच्या जमिनीवर आपली झोपडी, ज्याच्या मर्जीवर आपले छप्पर, ज्याच्या घरी फुकट राबायचे, तो मालक हीच त्याच्यासाठी राजवट होती. आणि स्वातंत्र्यसैनिकांतले बरेचसे शिकले-सवरलेले लोक त्याच मालक वर्गातून आले होते. त्यामुळे पहिल्या मतपेटीत कुळाने दोन राजवटींचा हिशेब एकदम मांडला. परकी राजवट सैन्याने घालवली होती, घरची राजवट आपल्याला घालवायची आहे, हे त्याला लख्ख कळले होते. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा आणि गावोगाव उघडलेल्या प्राथमिक शाळा ही त्या मताची फळे.

हुकूमशाहीचा वारसा सगळ्यांना सारखा मिळत नाही, असा याचा अर्थ. कौन्सिल, वर्तमानपत्र, सभा या गोष्टी ज्याने गमावल्या त्याला लोकशाहीत त्या परत हव्या असतात. ज्याच्याकडे त्या कधीच नव्हत्या, त्याला आधी जमीन हवी असते, शाळा हवी असते आणि आपल्यासारखा दिसणारा मुख्यमंत्री हवा असतो.

फूल आणि दोन पाने

या मतदाराची परीक्षा तीन वर्षांत आली. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, या प्रश्नावर 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल घेण्यात आला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांचे सरकार आधी पायउतार झाले. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळेपणाची दोन पाने. 3,88,432 मतदारांपैकी 3,17,633 जणांनी मत दिले. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170, विरोधात 1,72,191. फरक 34,021 मतांचा.

मराठी श्रोत्यांपुढे हा विषय काढताना अजूनही जरा जपून बोलावे लागते. पण त्या निकालावर खंत करण्याचे किंवा आनंद मानण्याचे काम मी करणार नाही. मला त्यातली नागरिकाची तयारी दाखवायची आहे. सहा वर्षांपूर्वी ज्या समाजात जाहीर वाद घालणे गुन्हा होता, तिथे हा वाद घरात, बाजारात, बोटीत, फेस्तात आणि जत्रेत घातला गेला. विलीनीकरणाविरुद्धची एक धारदार बाजू 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकाने लढवली. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यात येत होते. म्हणजे मराठीतूनच मराठी राज्यात न जाण्याचा युक्तिवाद झाला. कोकणी गीते गावोगाव गेली. दोन्ही बाजूंना सभेची परवानगी होती आणि दोन्ही बाजूंनी ती पुरेपूर वापरली.

आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांत, 1967 च्याच विधानसभा निवडणुकीत, याच मतदारांनी विलीनीकरणवादी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. बाहेरच्यांना हे कोडे वाटले. मला तर तो नव्या लोकशाहीतला सर्वांत प्रगल्भ निर्णय वाटतो. भाऊ, तुमचे राज्य आम्हाला हवे आहे, तुमचे हे एक म्हणणे नको, असे मतदाराने स्पष्ट सांगितले. नेता आणि प्रश्न वेगळे करता येणे ही कला लोकशाहीत मुरलेल्या देशांनाही सहज जमत नाही.

मधल्या वर्षांत काय झाले

मग अडचण कुठे आहे? ती कौलाच्या दिवशी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली.

बांदोडकरांचा दरबार प्रसिद्ध होता. कुणीही यावे, गाऱ्हाणे सांगावे. भाऊ जागच्या जागी निकाल लावत, स्वतःच्या खिशातून मदतही करत. त्या उदारपणाबद्दल लोक आजही कृतज्ञतेने बोलतात आणि ती कृतज्ञता खरी आहे. पण त्या दरबारात उभा असलेला माणूस पुन्हा अर्जदारच होता. पूर्वी तो रागीट साहेबापुढे उभा होता, आता प्रेमळ साहेबापुढे. काम झाले की तो समाधानाने घरी जाई. आपल्या शेजाऱ्याचे तेच काम का अडले, आणि ते सगळ्यांचे आपोआप व्हावे असा नियम का नाही, हे विचारायला तो पंचायतीत जात नव्हता. पक्ष बदलले, आमदारांनी पक्षांतराची शर्यत लावली, तरी ही रीत तशीच राहिली. गोव्याच्या पंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभा रविवारी भरतात, आणि शिवाय 19 डिसेंबरला, म्हणजे मुक्तिदिनी, खास ग्रामसभा असते. मुक्तीच्या दिवशी गावाने बसून सरपंचाला प्रश्न विचारावेत, इतकी अर्थपूर्ण योजना कायद्याने करून ठेवली आहे. प्रकल्प अंगावर आला की ती ग्रामसभा ओसंडून वाहते. एरवी गणपूर्तीची वाट पाहत बसावे लागते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. जुन्या राजवटीचा हिशेब गोव्यात कुणी मागितला नाही. सालाझारच्या राजकीय पोलिसांतला कासिमिरु मोंतेरु हा गोव्यात जन्मलेला अधिकारी कैद्यांच्या छळासाठी कुप्रसिद्ध होता. पुढे तो पोर्तुगालला निघून गेला, आणि 1965 मध्ये सालाझारचा प्रतिस्पर्धी जनरल उंबेर्तु देल्गादु याच्या खुनात पुढे होता. गोव्यातल्या छळाबद्दल मुक्त गोव्यात त्याच्यावर खटला चालला नाही. राजकीय पोलिसांचे दप्तर लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. कुणी कुणाची चुगली केली, हे गावात सगळ्यांना अंदाजाने माहीत, आणि कुणीच ते उच्चारत नाही. सूड टळला ही चांगली गोष्ट झाली. पण सत्ताधाऱ्याला जाब विचारता येतो, याचा पहिला मोठा धडाही त्याबरोबर हुकला. सत्याग्रहींना जिथे डांबले, त्या आग्वादच्या किल्ल्यात 2015 पर्यंत तुरुंगच चालू होता. गावकरी संस्थांचा कायदा आजही 1961 च्या एप्रिलमध्ये पोर्तुगीजांनी काढलेलाच आहे. राज्यकर्ता बदलला की कचेरी आपोआप बदलत नाही. जुन्या कचेरीच्या जुन्या खिडकीपुढे नवा नागरिकही जुन्यासारखाच उभा राहतो.

मग आंदोलने कशी उभी राहतात?

तुम्ही विचाराल, गोव्याचे लोक तर आंदोलनात नेहमी पुढे असतात. मग सवयीची ही गोष्ट कशी जुळते? खरे आहे. सत्तरच्या दशकात रापणकार, म्हणजे पारंपरिक मच्छीमार, यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध उठले. विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्मी सवलत मिळवली. केरी गावाने नायलॉनचा कारखाना परतवला. त्यात जानेवारी 1995 मध्ये नीलेश नाईक या तरुणाचा पोलिसांच्या गोळीने बळी गेला आणि कारखाना तमिळनाडूत गेला. 2006-07 मध्ये गोवा बचाव अभियानाने प्रादेशिक आराखडा मागे घ्यायला लावला.

एक अलीकडचे उदाहरण तर आपल्या दारातले. मोले अभयारण्यातून जाणारी वीजवाहिनी सुरू होते ती धारवाडजवळच्या नरेंद्र गावापासून, आणि दुपदरी करायचा लोहमार्ग आपल्या कॅसलरॉकवरून कुळ्याला उतरतो. 2020 मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, त्याविरुद्ध तरुण मुलांनी मोहीम उभारली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला चांदोर येथे हजारो माणसे रात्रभर रुळांवर बसली. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली.

ही आंदोलने नीट पाहिली तर त्यांत जुनी ओळख पटते. पक्षांवर त्यांचा विश्वास कमी. चर्च, देऊळ, क्लब, तियात्र, गावाचा वाडा यांवर जास्त. राजकारणाबाहेर एकत्र येण्याची जी कला बंदीच्या काळात अंगी बाणली, तीच इथे कामाला येते. प्रश्न हो किंवा नाही असा सरळ असला, आणि जमीन, पाणी, भाषा यांपैकी काही जाणार असले, की गाव एका रात्रीत उभे राहते, जसे 1967 मध्ये राहिले. प्रश्न अंदाजपत्रकाचा, निविदेचा, रस्त्याच्या देखभालीचा असला की गाव झोपते. बांध फुटला की सगळे धावतात, उन्हाळ्यात बांधावर माती टाकायला कुणी येत नाही. नागरिकांचा बांध असा बारमाही राखायला लागतो, आणि हुकूमशाहीने नेमके ते बारमाही काम लोकांच्या हातून काढून घेतलेले असते.

पोर्तुगालमध्येही हेच दिसते. राजवट कोसळल्यावर बरोबर एका वर्षाने, 25 एप्रिल 1975 रोजी, घटना समितीसाठी मतदान झाले आणि 91 टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिले. अर्धशतकात हा आकडा फार खाली आला. पूर्व युरोपचा प्रकार निराळा. तिथल्या राजवटींनी लोकांना संघटनांत जबरदस्तीने भरती केले होते. राज्यशास्त्रज्ञ मार्क हॉवर्ड यांनी 2003 च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की त्या राजवटी गेल्यावर लोकांनी संघटना या प्रकाराकडेच पाठ फिरवली आणि ते आपापल्या मित्रमंडळीत रमले. एका ठिकाणी संघटनेचा वीट आला, दुसऱ्या ठिकाणी तिला कायम परवानगीचा वास लागला. जशी राजवट तशी मागे उरलेली सवय. म्हणून उपायही एकच चालत नाही.

आपल्याकडे पाहताना

ही सारी कथा गोव्याची, तिच्याशी आपला काय संबंध, असे कुणाला वाटेल. मधू लिमये यांचे आयुष्य आठवा. सालाझारच्या राजवटीने त्यांना गोव्यात तुरुंगात टाकले. वीस वर्षांनी आणीबाणीत स्वतंत्र भारताच्या सरकारने टाकले. लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. लोकांनी मला पाच वर्षांसाठी पाठवले, सहाव्या वर्षाचा अधिकार मला नाही, ही त्यामागची भूमिका. परवानगी कुणी कुणाला द्यायची, याचे इतके स्वच्छ उत्तर आपल्या संसदीय इतिहासात फार थोड्यांनी दिले आहे.

त्या कसोटीवर आपण कुठे आहोत? हुबळी-धारवाड महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च 2019 मध्ये संपली, आणि पुढची निवडणूक झाली सप्टेंबर 2021 मध्ये. मधली अडीच वर्षे शहर प्रशासकाने चालवले. त्यातला काही काळ महामारीचा होता, हे मान्य. पण निवडणूक कुठे गेली म्हणून आपल्यापैकी किती जणांनी विचारले? मुंबईकरांनाही हसू नये. त्यांच्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यांनी प्रशासकाची राजवट आपल्याहूनही जास्त काळ सोसली. नळाला पाणी येत होते, दाखले मिळत होते, म्हणून चालून गेले. आपण हुकूमशाहीत वाढलेले नाही, तरी अर्जदार होऊन राहायला आपल्याला फारसे जड गेले नाही. सालाझारला लोकांकडून नेमके हेच हवे होते.

गोव्यातली वृद्ध माणसे कधी कधी सांगतात की पोर्तुगीजांच्या काळात दारे उघडी टाकून झोपता येत होते, चोऱ्या नव्हत्या, शिस्त होती. आपल्याकडेही 'इथे एखादा कडक माणूसच हवा' हे वाक्य चहाच्या प्रत्येक टपरीवर ऐकू येते. त्या वृद्धांना खोटे पाडू नये. दारे उघडी असतीलही. पण त्या घरातल्या माणसाला लग्नपत्रिकेवर शिक्का लागत होता, आणि जेवणाच्या टेबलावर निषेधाचे एक वाक्य उच्चारणाऱ्याला समुद्रापार धाडले जात होते. शिस्तीचा हिशेब मांडताना ही बाजूही वहीत लिहिली पाहिजे. शिवाय शिस्त हवी असेल तर ती आधी राज्यकर्त्याला लावावी लागते, आणि ती लावण्याचे साधन आपल्या हातात आहे: प्रभागाची बैठक, महापालिकेचे अंदाजपत्रक, माहितीचा अधिकार, न्यायालय, वर्तमानपत्रातले पत्र. यांतले काहीही मोठे नाही. यांतले काहीही पाच वर्षांतून एकदाच करून भागत नाही.

गोव्याने आपल्याला दोन गोष्टी दाखवल्या. एक, पस्तीस वर्षे तोंड बंद ठेवलेला समाज संधी मिळताच सहा वर्षांत इतके शहाणे मत देऊ शकतो. तेव्हा लोक लोकशाहीला लायक आहेत का, हा प्रश्न कुणी पुन्हा विचारू नये. दोन, एवढे शहाणे मत देणारा समाजही मधल्या वर्षांत पुन्हा रांगेत जाऊन उभा राहतो. तेव्हा नुसत्या मतदानावर कुणी विसंबू नये. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या गोष्टीला एक धडा आहे. दुसरीचा धडा शाळेत मिळत नाही. तो महापालिकेच्या सभेत, हातात अंदाजपत्रकाची प्रत घेऊन शिकावा लागतो.

चालकांनी मला तासाभराची वेळ दिली होती, ती मी जवळजवळ संपवली आहे. यापुढचा अर्धा तास श्रोत्यांचा आहे. पटले नसेल त्यांनी आधी विचारावे.